झरा बघायला जाताय? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

एप्रिल-मे लागला की या पानाला पत्रं येतात ती दोनच विषयांची, एक आंब्याची आणि एक पाण्याची. आंब्याचं मागच्या अंकात झालं, पेट्या कशा भरायच्या त्यावरून दोन वाचकांचं भांडणसुद्धा छापून झालं, तेव्हा ह्यावेळी सगळं पाणी. पाच पत्रं निवडलीत. त्यातलं एक थेट टेक्ससला पोचतं, पण धीर धरा, फिरून राजापूरलाच यायचंय.

प्रश्न: ताई, नमस्कार. मी देवरुखचा, शाळेतून रिटायर होऊन चार वर्षं झाली. मुलगा अमेरिकेत सॅन अँटोनिओला असतो, जूनमध्ये आम्ही दोघं पहिल्यांदाच जातोय. तो म्हणतो, इथे शहराच्या मधोमध नैसर्गिक झऱ्यांभोवती केलेली जुनी बाग आहे, सॅन पेड्रो स्प्रिंग्ज पार्क, तिथे नक्की नेतो. आमच्या हिला वाटतंय की आपल्या राजापूरजवळच्या उन्हाळे गावासारखं गरम पाणी असेल, आंघोळ करता येईल, ती बरोबर तांब्यासुद्धा घेणार म्हणतेय. बघण्यासारखं आहे का, की नुसतं गार्डन?

उत्तर: सर, बघण्यासारखं आहे, पण काकूंना तांब्या घरीच ठेवायला सांगा. एक तर ते पाणी गरम नाही. तिथलं जमिनीखालचं पाणी बारा महिने साधारण २२-२३ अंशांचं असतं, म्हणजे आपल्या विहिरीच्या पाण्यापेक्षा गारच लागेल. आणि दुसरं म्हणजे झऱ्याला पाणी असेलच याची खात्री नाही.

मी स्वतः गेलेय. भाचीकडे राहिले होते, ऑगस्ट महिना, आणि ऊन असं की आपला मे परवडला. तिने मोठ्या कौतुकाने नेलं आणि एका जागी थांबून म्हणाली, मावशी हे बघ, इथून पाणी येतं. मी बघतेय तर खडकाला भोकं, त्यात वाळकी पानं आणि एक खार. पाण्याचा थेंब नाही. तिला बिचारीला ओशाळल्यासारखं झालं पण मला मात्र अगदी घरी आल्यासारखं वाटलं, कारण राजापूरची ती अधूनमधून प्रकटणारी गंगा नसताना तिच्या कुंडांपाशी आपण असेच तर उभे राहतो, हात जोडून, कोरड्या दगडापुढे.

आता बागेचं महत्त्व काय ते सांगते, नाहीतर तुम्हीपण खार बघून परत याल. ते शहर आहे तेच मुळी ह्या झऱ्यांमुळे. तिथले मूळचे पायाया लोक या पाण्यापाशी राहायचे. १७०९ मध्ये स्पॅनिश पाद्री आणि सैनिक फिरत आले, त्यांनी झऱ्याला सॅन पेड्रो नाव दिलं, आणि १७१८ मध्ये ह्याच पाण्याच्या आसऱ्याने मिशन आणि ठाणं उभं राहिलं. (तेच मिशन पुढे जागा बदलून आज आलामो म्हणून प्रसिद्ध आहे, तिथे मुलगा नेईलच, सगळेच नेतात.) झऱ्याभोवतालची जमीन १७२९ मध्ये स्पेनच्या राजाने सार्वजनिक म्हणून राखली असं शहर सांगतं, आणि १८५२ मध्ये शहराने तिला रीतसर बाग केलं. ४६ एकर. अमेरिकेतल्या सगळ्यात जुन्या बागांमध्ये बॉस्टन कॉमन पहिली, १६३४ ची, आणि ही दुसरी असं तिथले लोक छाती फुगवून सांगतात.

मला मात्र राजापेक्षा पाटाची गोष्ट जास्त आवडली. झऱ्याचं पाणी शेताला न्यायला त्यांनी उताराने चर खणले, त्याला तिकडे आसेकिया म्हणतात, शब्द स्पॅनिश लोकांनी अरबांकडून घेतलेला. आपल्याकडे डोंगराचं पाणी आगरात आणतो तो पाट, दुसरं तिसरं काही नाही. कुणाची पाळी कधी, किती वेळ, सगळं ठरलेलं, आणि पाळीवरून भांडणंही आपल्यासारखीच झाली असणार, माणूस तोच ना. तुम्हाला असा चालू पाट बघायचा असेल तर मुलाला सांगा शहराच्या दक्षिणेला मिशन एस्पादाकडे घेऊन चल, तिथला अठराव्या शतकातला दगडी कमानींचा पूल अजून पाण्याचा पाट अंगावर घेऊन ओढा ओलांडतो. ही मिशन्स २०१५ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. दोन्ही एका दिवशी करा, आधी बाग मग पाट, म्हणजे पाणी कुठून निघालं आणि कशाला निघालं ते डोक्यात नीट बसतं.

बागेत काय काय होऊन गेलंय त्याला तर सीमाच नाही. १८५६ मध्ये अमेरिकन सैन्याने वाळवंटात सामान वाहायला उंट आणले होते, हो खरेखुरे उंट, ते पुढे जाताना ह्या झऱ्यांवर मुक्कामाला होते. १८६० मध्ये टेक्ससचा तेव्हाचा गव्हर्नर सॅम ह्यूस्टन याने इथे भाषण करून टेक्ससने देशातून फुटू नये म्हणून सांगितलं, लोकांनी ऐकलं नाही ती गोष्ट वेगळी. १८७८ मध्ये आलामोच्या चौकापासून बागेपर्यंत खेचरांनी ओढायची ट्राम सुरू झाली, शहरातली पहिली. रविवारी अख्खं गाव इथे.

मग पाणी गेलं कुठे? त्या भागात जमिनीखाली चुनखडीचा दगड आहे, स्पंजासारखा भोकाभोकांचा, त्यात पाणी साठतं, त्याला एडवर्ड्स अ‍ॅक्विफर म्हणतात. पाऊस पडतो वायव्येकडच्या टेकड्यांवर, तिथून पाणी आत मुरतं आणि जिथे खडकाला मोठी भेग आहे तिथे दाबाने वर येतं. १८९० च्या आसपास लोकांनी खोल विहिरी पाडल्या, सुरुवातीला तर पाणी आपोआपच उसळून वर यायचं, मग पंप आले, शहर वाढलं, आणि झरे आटत गेले. तिथला जुना कायदा असा की ज्याची जमीन त्याचं तिच्याखालचं पाणी, कितीही उपसा. खालचं पाणी काय कुंपण बघून थांबतं का? पण कायदा होता. शेवटी झऱ्यांत राहणाऱ्या, जगात दुसरीकडे कुठेही नसलेल्या छोट्या माशांचा प्रश्न कोर्टात गेला आणि १९९३ मध्ये उपशाला मर्यादा घालणारं प्राधिकरण नेमायचा कायदा झाला. माणसांना तहान लागून जे झालं नाही ते माशांनी करून दाखवलं!

आता तिथे एका ठरलेल्या निरीक्षण विहिरीची पातळी रोज जाहीर होते, स्थानिक टीव्हीवर हवामानाबरोबर सांगतात, आणि पातळी उतरली की बागेला-लॉनला पाणी घालायचे वार कमी करतात. तेव्हा मुलाला सांगा जायच्या आठवड्यात पातळी बघ. चांगला पाऊस होऊन गेला असेल तर झरे वाहताना दिसतील, नाहीतर माझ्यासारखी खार.

बागेत एक मोठा तलाव दिसेल, काठाला मोठाली सायप्रसची झाडं. तो झऱ्याचा वाटतो पण आताचं पाणी नळाचंच. जुनं तळं होतं त्याच जागी १९२२ मध्ये पोहण्याचा तलाव केला, मधे तो पडीक झाला, नुसता काँक्रीटचा चौकोन झाला, मग १९९०च्या दशकाच्या शेवटी परत जुन्या तळ्यासारखा आकार दिला. उन्हाळ्यात मुलं पोहतात. काकूंना पाय सोडून बसायचं असेल तर वेळा आणि नियम आधी विचारा, पोहायला उतरायचं तर स्विमिंगचे कपडे लागतात, साडीत नाही उतरू देत. सकाळी लवकर जा, जूनमध्ये दहानंतर ऊन भाजतं. आणि गवतावर चटई टाकून बसू नका! तिथे लाल मुंग्या असतात त्या आपल्या ओंबिलांच्या मावसबहिणी, चावल्या की पुटकुळ्या येतात. बाकावर बसा.

आणि पाणी बघितल्याशिवाय परत यायचंच नाही असं असेल तर न्यू ब्राउनफेल्स नावाचं गाव पन्नासेक किलोमीटरवर आहे, १८४५ मध्ये जर्मन लोकांनी वसवलेलं. तिथल्या लांडा पार्कमध्ये कोमल स्प्रिंग्ज आहेत. नाव कोमल, पाणी मात्र दांडगं, टेक्ससमधले सगळ्यात मोठे झरे तेच. त्यांच्यातून निघणारी कोमल नदी जेमतेम चार किलोमीटरची, उगम आणि शेवट एकाच गावात. तेही झरे १९५६ च्या दुष्काळात काही महिने बंद पडले होते, पण एरवी बहुतेक वाहतात. ऑस्टिनकडे जाणार असाल तर झिल्कर पार्कमधला बार्टन स्प्रिंग्जचा तलाव, तो खऱ्या झऱ्याच्या पाण्यावर चालतो, तीन एकरांचा, पाणी २०-२१ अंश. तिथे सॅलॅमँडर नावाचा सरड्यासारखा दिसणारा पण बेडकांच्या नात्यातला एक इवला प्राणी राहतो जो जगात दुसरीकडे कुठे नाही. आठवड्यातून एकदा साफसफाईला बंद असतो, बघून जा. मला विचाराल तर पाण्यासाठी न्यू ब्राउनफेल्स आणि गोष्टीसाठी सॅन पेड्रो.

प्रश्न: माझं माहेर लांज्याचं, आता पुण्यात. ऑफिसमधल्या सहा मैत्रिणींना राजापूरची गंगा दाखवायची आहे, त्यांना मी वर्षभर सांगून सांगून वेड लावलंय. एक ट्रॅव्हलवाला म्हणतो गंगास्नान गॅरंटी, तारीख आत्ताच बुक करा. ताई, गंगा नक्की कधी येते?

उत्तर: गॅरंटी! अगं, गंगामाईला विचारून बुकिंग घेतलंय का त्याने? अ‍ॅडव्हान्स दिला नसशील तर देऊ नकोस.

जुनी माणसं सांगायची की दर तीन वर्षांनी गंगा येते. आता तसं राहिलं नाही, कधी लवकर येते, कधी वाट बघायला लावते, कधी महिनाभर राहते तर कधी कित्येक महिने. एक दिवस सकाळी कुंडं भरलेली असतात, गावात बातमी फुटते, मग मोबाइलवर फिरते, आणि संध्याकाळपर्यंत उन्हाळे गावाच्या रस्त्याला गाड्यांची रांग. तेव्हा उठायचं आणि निघायचं, हाच एक प्लॅन. मैत्रिणींना सांग, बॅग भरून ठेवा, रजेचा अर्ज मनात लिहून ठेवा.

असं का होतं, तर भूगर्भवाले सायफनचं कारण सांगतात. पूर्वी डब्यातलं रॉकेल काढायला नळी लावून ओढायचे आठवतं? एकदा नळी भरली की डबा रिकामा होईपर्यंत धार थांबत नाही. तसंच डोंगराच्या पोटात पोकळी आहे आणि तिला वर चढून खाली उतरणारी वाट आहे असं समज. पाणी मुरत मुरत पोकळी भरते, वाकणाच्या वर गेलं की वाहायला लागतं आणि पोकळी उपसली की थांबतं. आत जाऊन कुणी बघितलेलं नाही, पण डोक्याला पटतं. माझ्या आजीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली बरं, मग ती नळी कोणी लावली? ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बाकी जागा गंगा नसतानाही बघून ये, हे मी मुद्दाम सांगतेय. वडाखाली मूळ गंगा, बाजूला काशीकुंड, त्याचं गोमुख, सगळी मिळून चौदा कुंडं, चिऱ्यांचं आवार, आणि कोणी नसतं. गंगा असते तेव्हा इतकी गर्दी की कुंड दिसत नाही, पाठी दिसतात. कोरडी असताना कुंडाचं बांधकाम दिसतं, पाणी एका कुंडातून दुसऱ्यात कसं जात असेल ते कळतं. आणि आंघोळीची हौस भागवायला खाली उन्हाळे गावात गरम पाण्याचा झरा आहे, तो गंगेसारखा रुसत नाही, वर्षभर असतो. पावसाळ्यात गेलात तर धोपेश्वरला धूतपापेश्वराचं देऊळ आणि मृडानी नदीचा धबधबा, तो चुकवू नका. ट्रेनने येणार असाल तर लक्षात ठेव, राजापूर रोड स्टेशन गावापासून बरंच लांब आहे, उतरलं की बाजारपेठ असं नाही, रिक्षाचं आधी ठरव.

प्रश्न: आई ७२ वर्षांची, गुडघे दुखतात, शुगर आहे. कोणीतरी सांगितलं की तुरळच्या गरम पाण्यात सात दिवस बसलं की गुडघे मोकळे होतात. नेऊ का? त्या पाण्यात गंधक असतं म्हणे. चिपळूणहून गाडीने जाणार.

उत्तर: फिरायला न्या, शेक घ्यायला न्या, बरं करायला म्हणून नेऊ नका. गरम पाण्याने स्नायू सैल पडतात, दोन-चार तास बरं वाटतं, ते घरच्या बादलीनेसुद्धा वाटतं. झिजलेला गुडघा पाण्याने भरून येत नाही. आणि चालू गोळ्या त्या सात दिवसांत बंद करायच्या नाहीत, हे मी ओरडून सांगतेय कारण आमच्याच घरात एका आत्याने केलं होतं.

आता शुगरचं. शुगर जुनी असेल तर तळपायाची जाणीव कमी झालेली असू शकते, मग माणसाला चटका कळतच नाही. तुरळला उगमापाशी पाणी ६० अंशांच्या आसपास असतं, एवढ्या गरम पाण्याने काही सेकंदांत कातडी भाजते. आंघोळीच्या जागी ते थोडं निवलेलं असतं, तरी आईंनी पाय बुडवायच्या आधी तुम्ही स्वतःचं कोपर बुडवून बघा, बाळाच्या आंघोळीला बघतो तसं. सोसवतंय असं नाही, छान वाटतंय असं पाहिजे. दहा मिनिटं पुरे. उठताना हात धरा, गरम पाण्यातून एकदम उठलं की बीपी उतरून चक्कर येते. पायाला जखम, भेग असेल तर त्या दिवशी नुसतं देवदर्शन. आधी डॉक्टरांना विचारा हे तर आलंच.

गंधकाचं म्हणाल तर तो कुजक्या अंड्यासारखा वास हायड्रोजन सल्फाइडचा, आणि आपलं नाक त्या बाबतीत इतकं तिखट आहे की पाण्यात अगदी नखभर असला तरी कळतो. वास आला म्हणजे औषध भरपूर असं नव्हे. ते पाणी पिऊ नका.

मुलं बरोबर असतील तर विचारतील की पाणी कोण तापवतं. इथे ज्वालामुखी नाही, तो होता साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, ज्याच्या लाव्हाचा आपला सगळा काळा दगड झालाय, तो केव्हाच थंड झाला. होतं असं की पावसाचं पाणी भेगांतून खूप खोल जातं, जमिनीत दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी उष्णता वाढते, तिथे तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं. पालघरपासून राजापूरपर्यंत अशी गरम कुंडं जवळजवळ एका रांगेत आहेत, अकलोली, गणेशपुरी, पालीजवळचं उन्हेरे, महाडचं सव, दापोलीतलं उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी, उन्हाळे. नकाशावर बोट फिरवून बघा, खाली कुठेतरी भेगांची ओळ आहे ते दिसतं.

तुरळ हायवेला लागूनच आहे, ट्रकवाल्यांपासून सगळे उतरतात, त्यामुळे गर्दी. मी तुमच्या जागी असते तर थोडं आत राजवाडीला गेले असते, निवांत आहे, देऊळ आहे, आईंना सावलीत बसता येईल. साबण-शाम्पू कुंडात नको, प्लीज. परतायच्या आधी संगमेश्वरजवळ कसब्याला कर्णेश्वराचं देऊळ दाखवा, कोरीवकाम बघून गुडघे तासभर विसरतील.

प्रश्न: मुलांना घेऊन रायगडला चाललोय, पेणहून. महाडजवळ सवचं गरम पाण्याचं कुंड करावं का? वेळ अर्धा दिवसच आहे.

उत्तर: अर्धाच दिवस असेल तर सव राहू दे, सावित्रीच्या काठाला आहे, पुन्हा कधी तरी होईल. त्याऐवजी महाड गावातलं चवदार तळं दाखवा. मुलांना सांगा की तळं नगरपालिकेचं होतं, म्हणजे सगळ्यांचं, जनावरंसुद्धा पाणी प्यायची, पण अस्पृश्य म्हटलेल्या माणसांना बंदी. १९२३ मध्ये मुंबईच्या कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करायचा सीताराम केशव बोले यांचा ठराव झाला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने कागदावर तळं खुलं केलं, आणि तरी प्यायला कोणी धजेना. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन आले आणि ओंजळीने पाणी प्यायले. मग मारहाण झाली, तळ्याचं शुद्धीकरण केलं सवर्णांनी, त्यांनीच घातलेला दावा दहा वर्षं चालला आणि १९३७ मध्ये हायकोर्टाने निकाल बाबासाहेबांच्या बाजूने दिला. वरती त्या देवरुखच्या सरांना मी सार्वजनिक बाग, सार्वजनिक झरा असं भराभरा लिहून गेले, पण सार्वजनिक ह्या शब्दाला काय किंमत पडते ते बघायला महाडलाच थांबावं लागतं.

प्रश्न: आमची वाडी राजापूर तालुक्यात. सड्याखाली बारमाही झरा आहे, पूर्वी वाडी त्यावरच जगायची, आता नळ आले. ग्रामपंचायतीत विषय आलाय की तिथे गार्डन करायचं, झऱ्याला काँक्रीटची टाकी, पेव्हर ब्लॉक, कारंजं, सेल्फी पॉइंट. मी नवीन सदस्य आहे, मला कसंतरीच वाटतंय पण विरोध केला तर विकासाला आडवी येते म्हणतील. काय करू?

उत्तर: तुला कसंतरी वाटतंय ते बरोबर वाटतंय. पण मीटिंगमध्ये कसंतरी वाटतं हे चालत नाही, तिथे आकडा लागतो, तेव्हा आकडा घेऊन जा.

एक दहा लिटरची बादली आणि मोबाइलचं घड्याळ. झऱ्याची सगळी धार पन्हळीतून बादलीत पडेल असं कर आणि भरायला किती सेकंद लागतात ते मोज. तीनदा मोजून मधला आकडा धर. समजा ४० सेकंद लागले, म्हणजे मिनिटाला १५ लिटर, म्हणजे दिवसाला २१,६०० लिटर. फुकटात, लाइटबिल नाही. हे बोर्डावर लिहून दाखव, अर्धी मीटिंग गप्प होईल, कारण नळयोजनेचा पंप जळला की वाडी कुठे जाते ते सगळ्यांना ठाऊक आहे. दर पंधरा दिवसांनी मोजत जा, मेअखेरचं माप सगळ्यात महत्त्वाचं.

दुसरी गोष्ट, झरा खाली दिसतो पण तो असतो वर. आपला सडा म्हणजे जांभा, भोकाभोकांचा, पावसाचं पाणी पितो. जांभ्याखाली चिकणमातीचा थर लागतो, तिथे पाणी अडतं आणि कड्याच्या बाजूने जिथे वाट मिळेल तिथे बाहेर येतं, तो तुमचा झरा. म्हणजे टेक्ससच्या चुनखडीचं जे, तेच आपल्या चिऱ्याचं. आता सड्यावर चिरेखाण सुरू झाली किंवा वर बंगल्यांच्या प्लॉटात चार बोअर पडल्या तर खाली तुम्ही सोन्याचं गोमुख बसवलंत तरी धार येणार नाही, मग नळाचं पाणी सोडून कारंजं उडवा. सॅन पेड्रोला तेच झालं, बाग आहे, तलाव आहे, पाणी पालिकेचं. त्यांच्याकडे निदान ४६ एकर आणि पैसा होता. म्हणून गार्डनच्या आधी वरच्या सड्यावर काय चाललंय त्याचा ठराव आण. भूजल कायद्याप्रमाणे सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर किंवा बोअर घेता येत नाही, पण त्यासाठी झरा तसा स्रोत म्हणून कागदावर आला पाहिजे, ते काम आधी कर. नळ आले म्हणून झऱ्याचं नाव यादीतून गळलंय का तेही बघ. आणि जाणकार माणूस हवा असेल तर पुण्याची अक्वाडॅम ही संस्था भूजलावर काम करते, झऱ्यांवर त्यांचा हात बसलेला आहे.

गार्डनला सरसकट नाही म्हणू नकोस, लोकांना जायला-बसायला जागा हवीच असते आणि माणसं येत राहिली तर झऱ्यावर लक्षही राहतं. फक्त एवढं धरून बस की जिथून पाणी फुटतं तिथे आणि त्याच्या वरच्या अंगाला सिमेंट नाही, खोदकाम नाही, आहे ती झाडं तशीच. बसायला चिऱ्याचे बाक, पाखाडी नीट कर, कपडे धुवायची जागा खालच्या अंगाला वेगळी, पिण्याची वर. पेव्हर ब्लॉक घालायचेच असतील ते गाड्या लावायच्या जागी घाल, सरपंचांचा मान राहील. कारंजं मात्र नको गं, पाणी आपण होऊन येतंय तिथे पंप लावून उडवायचं म्हणजे काय.

आणि मेअखेरचं माप घेतलंस की मला कळव, किती सेकंद लागले ते. मी मागच्या वर्षीचं आमच्या वाडीचं घेऊन ठेवलंय, ५५.